तापी-नर्मदेच्या मुलखातील यवन नाणी

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तहून हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याशी व्यापार करणाऱ्या एका ग्रीकभाषी दर्यावर्दीने आपल्या जलमार्गाची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या छोट्या ग्रंथात बारीगाझा, म्हणजे भृगुकच्छ अथवा आजचे भडोच, या बंदराचे सविस्तर वर्णन आहे. नर्मदेच्या मुखाजवळील भरती-ओहोटीचे भय, जहाजांना वाट दाखविणारे स्थानिक नावाडी, आयात-निर्यातीचा माल हे सर्व सांगत असता लेखक सहज एक गोष्ट नोंदवून जातो. या बंदरात अजूनही जुने द्रख्म चालतात, त्यांवर ग्रीक अक्षरे असतात आणि अलेक्झांडरनंतर राज्य केलेल्या अपोलोडोटस व मेनँडर यांची चिन्हे असतात, असे तो म्हणतो.

या एका विधानाभोवती गेल्या दीडशे वर्षांत बरेच लेखन झाले. मेनँडर हा बौद्ध वाङ्मयातील ‘मिलिंद’ राजा होय. त्याचा काळ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाचा मध्य, आणि अपोलोडोटस नावाचा पहिला राजा त्याच्याही थोडा आधीचा. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या परकीय राजांची नाणी सुरतेच्या उत्तरेस एका दिवसाच्या वाटेवर असलेल्या बंदरात चालत होती. यावरून एक प्रश्न स्वाभाविकपणे उभा राहतो. यवनांचे, म्हणजे ग्रीकांचे, राज्य तापी-नर्मदेच्या मुखापर्यंत पोहोचले होते, की त्यांचे केवळ नाणेच व्यापाऱ्यांच्या थैलीतून येथवर आले? या प्रश्नाचा निकाल लावण्याचे सामर्थ्य चांदीच्या सुंदर द्रख्मांपेक्षा तांब्या-काशाच्या ओबडधोबड तुकड्यांत अधिक आहे. दुर्दैव असे की, नेमके हेच तुकडे सर्वांत कमी जपले गेले.

नावाचा घोटाळा

सुरतेच्या वाचकाने प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. स्ट्राबो या ग्रीक भूगोलकाराने आर्टेमिटाच्या अपोलोडोरसच्या आधाराने लिहिले आहे की, यवन राजांनी सिंधूच्या मुखाजवळील पाटलीन आणि त्यापलीकडील सराओस्टस व सिगर्डिस यांची राज्ये जिंकली. यातील ‘सराओस्टस’ म्हणजे ‘सुरत’ असे समीकरण काही इंग्रजी पुस्तकांतून मांडले गेले, आणि तेथून ‘सुरतेपर्यंत ग्रीकांचे राज्य होते’ हे वाक्य पुढच्या पुस्तकांत उतरत गेले. वस्तुतः सराओस्टस म्हणजे सुराष्ट्र, आजचे सौराष्ट्र किंवा सोरठ. सुरत शहर व्यापारपेठ म्हणून नावारूपास आले ते त्यानंतर कित्येक शतकांनी. नावातील साम्यावर इतिहासाची इमारत उभारू नये, याचे हे बोलके उदाहरण आहे.

‘पेरिप्लस’च्या लेखकाचेही सर्वच म्हणणे जसेच्या तसे घेता येत नाही. भडोचच्या परिसरात अलेक्झांडरच्या स्वारीच्या खुणा, जुनी देवळे, तटबंद्या आणि मोठ्या विहिरी दिसतात, असे तो सांगतो. अलेक्झांडर बियास नदीवरून मागे फिरला आणि सिंधूच्या काठाने समुद्राकडे गेला. गुजरातेत त्याचे पाऊल कधीच पडले नाही. तेव्हा लेखकाने स्वतः हाताळलेली नाणी आणि बंदरावर कानांवर आलेल्या कथा यांना सारखेच मोल देता येत नाही.

विद्वानांतही या विषयावर एकमत झालेले नाही. डब्ल्यू. डब्ल्यू. टार्न यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात यवनांची सत्ता भडोचपर्यंत पोहोचल्याचे मोठ्या आत्मविश्वासाने मांडले. त्यानंतर १९५७ साली अवधकिशोर नारायण यांनी ‘द इंडो-ग्रीक्स’ या ग्रंथात टार्न यांच्या अनेक अनुमानांचा कठोर समाचार घेतला आणि नाणे सापडणे म्हणजे राज्य असणे नव्हे, हे सूत्र पुढे केले.

चांदी फिरते, तांबे घरी राहते

या सूत्रामागील कारण व्यवहारातले आहे. चांदीच्या नाण्याचे मोल त्यातील धातूत असते. राजा कोणीही असो, चांदी तोलून घेता येते आणि सराफाच्या कसोटीवर उतरली म्हणजे ती कोठेही चालते. भडोचला रोमन दिनार देऊन स्थानिक नाणे घेतल्यास नफा होतो, असे ‘पेरिप्लस’चा लेखकच सांगतो. सुरतेच्या सराफांना तर ही गोष्ट निराळी सांगावयास नको. मोगल अमदानीत परदेशी व्यापाऱ्यांनी आणलेली चांदी याच शहरातील टांकसाळीत वितळून रुपये पाडले जात.

तांब्या-काशाच्या नाण्याचे तसे नसते. त्याचे मोल बरेचसे राजाच्या शब्दावर अवलंबून असते. भाजीपाला, मीठ, दिव्याचे तेल अशा रोजच्या किरकोळ खरेदीत ते वापरले जाते आणि राजाची हद्द ओलांडली की त्याचे मोल मोडीच्या तांब्याइतके उरते. दूरचा व्यापारी ओझे वाहून तांबे नेत नाही. म्हणून एखाद्या राजाची तांब्याची नाणी एखाद्या गावी पुन्हापुन्हा आणि निरनिराळ्या थरांत सापडू लागली, तर त्या गावी त्याची सत्ता किंवा निदान त्याची बाजारपेठ होती, असे बरेच खात्रीने म्हणता येते. चांदीच्या शंभर नाण्यांनी जे सिद्ध होत नाही, ते दहा तांब्याच्या नाण्यांनी होऊ शकते. मात्र ती कोठे सापडली याची नोंद असली पाहिजे.

यवन तांब्याची ओळख

इंडो-ग्रीक राजांची तांब्याची नाणी ओळखणे हे सरावाचे काम आहे, पण त्याची पायाभूत सूत्रे कठीण नाहीत. पहिली खूण आकाराची. ग्रीसमधील नाणी गोल असत. हिंदुस्थानात आलेल्या यवनांनी येथील आहत नाण्यांचा चौकोनी आकार उचलला आणि आपल्या तांब्याच्या नाण्यांना विशेषकरून दिला. सुमारे दोन सेंटिमीटर बाजूचे, जाडसर, चौकोनी तांब्याचे नाणे आणि त्याच्या कडेने ग्रीक अक्षरे दिसली, की ते बहुधा याच घराण्यांपैकी एखाद्याचे असते.

दुसरी खूण लेखाची. एका बाजूस ग्रीक व दुसऱ्या बाजूस प्राकृत भाषेतील खरोष्ठी लेख असतो, आणि खरोष्ठी उजवीकडून डावीकडे वाचावयाची असते. ग्रीक बाजूस ‘बासिलेओस सोतेरोस मेनान्द्रू’ असे असले तर दुसऱ्या बाजूस ‘महरजस त्रतरस मेनद्रस’ असे आढळते. ‘सोतेर’ या ग्रीक बिरुदाचे ‘त्राता’ हे भाषांतर सहज ध्यानात येते. दोन्हीकडे शब्द षष्ठी विभक्तीत असतात. नाणे जणू ‘महाराज त्राता मेनँडर याचे’ अशी मालकी सांगते. नाणे झिजून राजाचे नाव गेले असले तरी षष्ठीचा शेवटचा ‘स’ आणि आरंभीचे ‘महरजस’ यांवरून खरोष्ठी बाजू कोणती आणि नाव कोठे असावे, हे ठरविता येते.

तिसरी खूण चित्रांची. हातात बाण घेतलेला अपोलो देव एका बाजूस आणि तिपाई दुसऱ्या बाजूस असली, तर नाणे अपोलोडोटसचे असण्याचा संभव मोठा. राजाच्या नावातच अपोलो देवाचे नाव असल्याने ही निवड साहजिक होती. हत्तीचे मस्तक आणि हेराक्लीसची गदा, आठ आऱ्यांचे चक्र आणि ताडाची फांदी, बैलाचे मस्तक आणि तिपाई ही मेनँडरची तांब्याची चित्रे होत. यातील चक्रावरून मेनँडरच्या बौद्धधर्मस्वीकाराचे अनुमान काढले जाते, तथापि ते सर्वमान्य नाही.

येथे एक फसवी जागा आहे. अपोलोडोटस नावाचे दोन राजे होऊन गेले. पहिला इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातील, दुसरा पहिल्या शतकातील. दोघांच्याही तांब्यावर अपोलो आणि तिपाई आहे. चांदीत त्यांना वेगळे करणे सोपे आहे. पहिल्याच्या प्रसिद्ध द्रख्मांवर एकीकडे हत्ती व दुसरीकडे वशिंडाचा बैल असतो, तर दुसऱ्याच्या चांदीवर राजाचा मुखवटा आणि वज्र फेकणारी अथीना असते. तांब्यावर मात्र बिरुदांकडे पाहावे लागते. नुसत्या ‘त्रात्या’ऐवजी ग्रीक लेखात ‘महान’ किंवा ‘पितृभक्त’ या अर्थाची बिरुदे असली, तर नाणे दुसऱ्या अपोलोडोटसचे. टांकसाळीची जोडाक्षरी चिन्हे व अक्षरांची घडणही साहाय्यक ठरते. भडोचच्या बाजारात चालणारे द्रख्म कोणत्या अपोलोडोटसचे, हा वाद याच दोन नावांच्या गल्लतीतून वाढला.

या द्विभाषिक नाण्यांचे भारतीय इतिहासावर मोठे ऋण आहे. खरोष्ठी लिपीची किल्ली विद्वानांना प्रथम यांच्याच आधारे मिळाली. ब्राह्मीच्या बाबतीतही १८३६ साली ख्रिश्चन लासेन यांनी अगाथोक्लीस राजाच्या नाण्यावरील ब्राह्मी लेख ग्रीक नावाच्या साह्याने वाचला आणि त्यानंतर १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी अशोकाच्या लेखांचे वाचन पूर्णतेस नेले. अगाथोक्लीसचे हे ब्राह्मी लेखाचे नाणे तांब्याचे आणि चौकोनीच आहे. अशोकाच्या शिलालेखांपर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर अशा उपेक्षित तुकड्यांनी दिवा धरला होता.

येथे प्रत्यक्ष काय सापडते

तापी-नर्मदेच्या मुलखात यवनांच्या अस्सल तांब्यापेक्षा त्यांच्या चांदीची परंपरा अधिक स्पष्टपणे दिसते. गुजरातच्या किनाऱ्यावरील इंडो-ग्रीक आणि क्षहरात नाण्यांवर जॉन डेयेल यांनी १९८४ साली ‘न्युमिस्मॅटिक क्रॉनिकल’ या नियतकालिकात स्वतंत्र लेख लिहिला. अपोलोडोटसच्या द्रख्मांच्या नकला येथे पाडल्या जात होत्या, असे अभ्यासक मानतात. तसे असेल तर ‘पेरिप्लस’च्या लेखकाने पाहिलेल्या ‘जुन्या’ नाण्यांपैकी काही यवन राजांच्या टांकसाळीतून निघालेलीच नसतील. राजा गेला, राज्य गेले, पण त्याच्या नाण्यावरचा विश्वास उरला आणि लोक त्याच छापाचे नाणे मागत राहिले.

यानंतर आलेल्या क्षहरात क्षत्रपांनी हा वारसा उघडपणे चालविला. भूमक या क्षत्रपाची तांब्याची नाणी गुजरातच्या किनारी भागात मिळतात. त्यांवर बाण, वज्र, सिंहस्तंभ व चक्र आहेत, लेख खरोष्ठीत आणि ब्राह्मीत आहे, ग्रीक लेख नाही. त्याच घराण्यातील नहपानाने चांदीची नाणी पाडली ती मात्र यवन द्रख्माच्या तोलाची. त्यांवर राजाचा मुखवटा आणि सभोवती ग्रीक अक्षरे आहेत. ती अक्षरे वाचली तर भाषा ग्रीक नसून प्राकृत निघते. ‘राञो छहरातस नहपानस’ हेच शब्द ग्रीक लिपीत उतरवलेले आहेत. लिपी यवनांची, भाषा येथील जनांची आणि राजा शक, असा हा तिहेरी संगम होय.

नहपानाचा जावई उषवदात याचा नाशिकच्या पांडवलेण्यांतील लेख सुरतेच्या वाचकास विशेष जवळचा वाटावा. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्याने विनामूल्य नावांची सोय केल्याचा त्यात उल्लेख आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक येथील धर्मशाळाही त्यात येतात. दोन हजार सुवर्ण म्हणजे सत्तर हजार कार्षापण, असा नाण्यांचा दरही तेथीलच त्याचा दुसरा लेख देतो. तापीचा उतार आणि नाशिकचे लेणे ही एकाच राजवटीच्या व्यवहारात बांधलेली होती, हे यावरून दिसते. याच लेण्यांत उत्तरेकडून आलेल्या दातामिती येथील इंद्राग्निदत्त नावाच्या ‘योणका’ने दान दिल्याचा लेख आहे आणि कार्ल्याच्या चैत्यातही यवन दात्यांची नावे आहेत. यवन राज्य करीत नव्हते तेव्हाही यवन येथे होते, ही गोष्ट नाण्यांचा अर्थ लावताना विसरून चालत नाही.

पुढे कार्दमक क्षत्रपांच्या नाण्यांवर ग्रीक अक्षरे हळूहळू अर्थहीन होत गेली. प्रथम नाव लागेनासे झाले, मग अक्षरे मोडली, शेवटी मुखवट्याभोवती नुसत्या रेघा आणि वर्तुळे उरली. दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून राजाच्या मस्तकामागे शक वर्षाचे आकडे घालण्याची चाल पडल्याने मात्र हीच नाणी कालगणनेस अत्यंत उपयुक्त ठरली. क्षत्रपांचे राज्य जिंकल्यावर दुसऱ्या चंद्रगुप्ताने चांदीची नाणी पाडली, तीही याच वळणाची, आणि त्यांवरही त्या मोडक्या ग्रीक अक्षरांचा मागमूस आहे. दक्षिण गुजरात व नाशिक भागात राज्य करणाऱ्या त्रैकूटकांनी तोच साचा पाचव्या शतकात चालू ठेवला. त्रैकूटक राजा दह्रसेनाचा ताम्रपट पारडीस आणि व्याघ्रसेनाचा, संवत २४१ चा, ताम्रपट सुरतेस मिळाला आहे. ज्या राजांना ग्रीक लिपीचा गंधही नव्हता, त्यांच्या नाण्यांवर मेनँडरच्या काळचा तोल आणि मुखवटा सहाशे वर्षे टिकून राहिला.

लिपी लोपली, पण शब्द राहिला. ‘द्रख्म’चे संस्कृतात ‘द्रम्म’ झाले. कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत द्रम्मांचे उल्लेख वारंवार येतात. द्रम्माचे पुढे ‘दाम’ झाले आणि अकबराच्या काळी एका रुपयास चाळीस दाम असा तांब्याच्या नाण्याचा हिशेब होता. ‘दाम करी काम’ म्हणताना किंवा खिशात छदाम नाही अशी तक्रार करताना मराठी माणूस नकळत भडोच बंदरातील त्या यवन नाण्याचेच नाव उच्चारीत असतो.

संग्राहक आणि नोंद

पश्चिम भारतातील नाण्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास मुंबईत सुरू झाला. त्यात डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांच्याकडे काम करणारे जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांचा वाटा फार मोठा आहे. भाऊ दाजींचे निधन १८७४ साली आणि भगवानलालांचे १८८८ साली झाले. भगवानलालांचा पश्चिम क्षत्रपांवरील निबंध त्यांच्या पश्चात ई. जे. रॅप्सन यांनी संपादून १८९० मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या संग्रहातील नाणी ब्रिटिश म्युझियममध्ये गेली आणि रॅप्सन यांच्या १९०८ सालच्या सूचीत त्यांचा उपयोग झाला.

नोंदीचे महत्त्व किती, हे जोगळटेंभीच्या ठेव्याने दाखवून दिले. १९०६ साली नाशिकजवळील या गावी नहपानाची १३,२५० चांदीची नाणी एकत्र सापडली. ठेवा बाजारात फुटून जाण्यापूर्वी रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी तो तपासला. त्यांतील ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. एकेक नाणे निरनिराळ्या संग्राहकांकडे गेले असते, तर प्रत्येकाच्या हाती एक विचित्र नाणे आले असते, एवढेच. सगळी एकत्र पाहिली गेली म्हणून सातवाहनांनी क्षहरातांचे राज्य घेतल्याचा निर्विवाद पुरावा मिळाला. झिजलेले ग्रीक लेखही अनेक नाणी शेजारी ठेवून पुरे वाचता आले.

तांब्याच्या वाट्याला असे भाग्य क्वचितच आले. १८७८ च्या निखात निधीविषयक कायद्याने दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक केले. चांदीचा हंडा या अटीत सहज बसे. नांगराच्या फाळास लागलेली पाच-दहा तांब्याची नाणी तीत बसत नसत. ती तांबटाकडे मोडीत जात, नाहीतर बाजारात येऊन आपले गाव विसरत. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरले आणि त्याची निर्यात अडली, तथापि हरवलेले गाव कायद्याने परत मिळत नाही. तापीकाठी कामरेज येथे एकविसाव्या शतकाच्या आरंभी उत्खनन होऊन आद्य-ऐतिहासिक काळातील बंदराची वस्ती उजेडात आली. अशा ठिकाणी थरासकट सापडलेले एक तांब्याचे नाणे पेटीतल्या शंभर निनावी नाण्यांहून मोलाचे आहे.

ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांपासून चालत आलेली जुनी नाणी आहेत, त्यांच्यासाठी दोन-तीन साध्या गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. देवाची भांडी घासावीत तशी तांब्याची नाणी चिंचेने किंवा राखेने घासू नयेत. शतकांचा हिरवट-काळा थर गेला की अक्षरांच्या कडाही जातात आणि अस्सलपणाची एक साक्ष नाहीशी होते. फिकट हिरवी भुकटी सुटू लागली तर तो कळंक पसरणारा असतो, आणि असे नाणे इतरांपासून वेगळे, कोरड्या जागी ठेवून जाणकारास दाखवावे. कडेला ओतीव सांध्याची रेघ, पृष्ठावर बारीक बुडबुडे आणि गुळगुळीत, साबणासारखी अक्षरे दिसली तर नाणे साच्यात ओतलेली नक्कल असण्याचा संभव आहे, कारण यवनांची नाणी ठशाने पाडलेली असत.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट कागदाची आहे. नाणे कोणत्या गावी, कोणाच्या शेतात, कोणत्या साली, आणखी कशासोबत मिळाले, एवढ्या चार ओळी पाकिटावर लिहिलेल्या असल्या, तर ते नाणे इतिहासाचे साधन होते. त्या ओळी नसतील तर ती केवळ एक जुनी, देखणी वस्तू उरते. अपोलोडोटसचे राज्य भडोचपर्यंत होते की नाही, या प्रश्नावर टार्न आणि नारायण यांच्यासारख्यांनी ग्रंथ लिहिले. त्याचे उत्तर कदाचित बारडोली, ओलपाड किंवा अंकलेश्वरच्या एखाद्या घरातील डब्यात पडलेलेही असेल. ते ओळखण्यासाठी अपोलो आणि तिपाई यांची जाण हवी, आणि ते सिद्ध होण्यासाठी डब्याच्या झाकणावर गावाचे नाव हवे. जाण ग्रंथालयातील पुस्तके देऊ शकतात, गावाचे नाव मात्र घरच्या वडीलधाऱ्यांनाच विचारून, ते हयात आहेत तोवर, लिहून घ्यावे लागते.